प्रसूतिकक्षातील परिचारिका : धीर आणि धाक

आजच्या व्याख्यानाचा विषय रुग्णालयातील बाळंतपण हा असला, तरी त्यात डॉक्टरांचा उल्लेख थोडाच यावयाचा आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एखादी पहिलटकरीण दिवेलागणीला दाखल होते आणि पहाटे बाळंत होते. मधल्या दहा-बारा तासांत डॉक्टर तिच्याजवळ दोन-तीनदा येऊन जातात. गुंतागुंत नसेल तर तेवढे पुरेसेही असते. उरलेल्या साऱ्या वेळात तिच्या आसपास जिचा वावर असतो ती परिचारिका. बाळाच्या हृदयाचे ठोके तीच ऐकते, पिशवीचे तोंड किती उघडले हे तीच पाहते, डॉक्टरांना केव्हा उठवायचे याचा निर्णयही बहुधा तीच घेते. आणि याच तासांत ती त्या स्त्रीशी काही बोलते किंवा बोलत नाही. तिच्याजवळ थांबते किंवा दारातून हाक मारून निघून जाते. या बोलण्याला आणि थांबण्याला आपण आजवर स्वभावाचा भाग समजत आलो. एखादी सिस्टर मायाळू, एखादी खाष्ट, असे म्हणून विषय सोडून देण्याची आपली रीत आहे. ही रीत चुकीची आहे. परिचारिकेचे जवळ असणे हा प्रसूतीच्या उपचारांचाच भाग होय. त्याचा परिणाम मोजता येतो आणि तो मोजला गेला आहे.

शासनाने बोलावले आणि ती आली

पन्नास-साठ वर्षांपूर्वी ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक बाळंतपणे घरीच होत. अंधारी खोली, धुमसणारी शेगडी आणि गावातली सुईण. त्या काळाचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. अतिरक्तस्राव, जंतुदोष आणि नवजात अर्भकाचा धनुर्वात यांनी किती घरे उजाड केली, याची आठवण जुन्या माणसांना अजून आहे. शासनाने स्त्रीला घरातून रुग्णालयात आणण्याचा निश्चय केला तो याचसाठी. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयातील बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तर तीसुद्धा, विनामूल्य केले. आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या, ग्रामसभांत विषय निघाले, शाळांच्या भिंतींवर घोषवाक्ये रंगली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील दर शंभर बाळंतपणांपैकी सुमारे ६५ दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ही संख्या ९५ च्या घरात गेली. एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. हे यश लहान नाही आणि त्यात परिचारिकांचा वाटा सिंहाचा आहे.

परंतु बोलावणाऱ्याची जबाबदारी पाहुणा उंबऱ्याच्या आत आल्यावर संपत नसते. सुईणीचे हात अस्वच्छ असतील, तिला शास्त्र ठाऊक नसेल. पण ती त्या मुलीला नावाने ओळखत होती आणि बाळ हाती येईपर्यंत तिच्याजवळून हलत नव्हती. रुग्णालयात त्याच मुलीला खाटेचा क्रमांक मिळतो. तिच्या आईला बाहेरच्या बाकड्यावर बसवतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल असल्यामुळे एक अडचण आणखी वाढते. सात महिने तपासणी झालेली असते सासरच्या उपकेंद्रात आणि कळा सुरू होतात माहेरच्या तालुक्यात. तिथल्या परिचारिकेने तिला पूर्वी कधी पाहिलेलेच नसते. त्या रात्री जर तिच्या वाट्याला ओरडा किंवा थप्पड आली, तर ती गोष्ट तिच्यापुरती राहत नाही. ती पाणवठ्यावर, शेतात, लग्नकार्यात सांगितली जाते. पुढची गर्भारशी मग कळा घरीच सोसत बसते आणि अगदी नाइलाज झाला म्हणजे निघते. निघण्यास झालेला हा उशीर कित्येकदा जिवावर बेततो.

खोलीत नुसती बसलेली बाई

परिचारिकेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या सोबतीने काय फरक पडतो, याचा शास्त्रीय शोध जॉन केनेल आणि मार्शल क्लाउस या दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह घेतला. त्यांचा पहिला प्रयोग मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात झाला. तिथल्या एका गजबजलेल्या रुग्णालयात स्त्रिया एकट्याच बाळंत होत. नातेवाइकांना आत येऊ देत नसत. काही जणींना दाखल झाल्यापासून एका अनोळखी पण प्रेमळ स्त्रीची सोबत देण्यात आली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सोबत मिळालेल्या स्त्रिया दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत बाळंत झाल्या, तर एकट्या राहिलेल्यांना १९.३ तास लागले. या तुलनेत स्त्रिया अवघ्या चाळीस होत्या. तेव्हा या आकड्यावर फार भार देऊ नये.

त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातला आहे. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. येथे पहिलटकरणींचे तीन गट होते. पहिल्या गटातील प्रत्येकीजवळ एक शिकवून तयार केलेली स्त्री शेवटपर्यंत बसून राहिली; ती हात धरी, पाठ चोळी, काय चालले आहे ते समजावून सांगे. तिसऱ्या गटाला रुग्णालयाची नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाची योजना मात्र वेगळी होती. तिथे खोलीत एक निरीक्षक बसवलेली होती. तिने खाटेपासून दूर राहून टिपणे घ्यायची, बाळंतिणीशी बोलायचे नाही की तिला स्पर्श करायचा नाही. नेहमीच्या सेवेतील दर शंभर स्त्रियांपैकी १८ जणींची शस्त्रक्रियेने प्रसूती झाली. सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ होते. आणि ज्या गटात एक अबोल बाई कोपऱ्यात नुसती बसली होती, त्या गटात ते १३ होते. वेदना थांबविण्यासाठी पाठीच्या कण्यात देण्याच्या भुलीचेही तसेच: नेहमीच्या सेवेत ५५, अबोल निरीक्षकाच्या गटात २३, सोबतीच्या गटात ८. आपण एकटे नाही, एवढी जाणीवसुद्धा काम करून जाते, असा याचा सरळ अर्थ दिसतो.

पुढे असे प्रयोग अनेक देशांत झाले. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली १७ देशांतील २६ प्रयोगांचा, म्हणजे १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अनुभवांचा, एकत्रित आढावा घेतला. अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी झाला, नैसर्गिक प्रसूतींचे प्रमाण वाढले, शस्त्रक्रिया कमी झाल्या, जन्मतः मलूल असणारी बाळे कमी आढळली. ग्वाटेमालाच्या आकड्यांइतका हा फरक डोळ्यांत भरणारा नाही. पण तो पक्का आहे, आणि कोणत्याही औषधाला असा बिनखर्चाचा व बिनअपायाचा गुण सांगता येणार नाही.

यात गूढ काही नाही. कळा आणणारे ऑक्सिटोसिन हे द्रव्य स्त्रीच्या स्वतःच्या मेंदूतून रक्तात येते. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते. स्नायू ताठरतात, वेदना अधिक जाणवते आणि कळा मंदावू शकतात. कळा मंदावल्या की परिचारिका चिडते, ती चिडली की भीती आणखी वाढते. गाय व्यायला लागली म्हणजे गोठ्यात गर्दी करू नये, आरडाओरड करू नये, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. प्रसूतिकक्षात मात्र ते शिकवावे लागते.

अडथळे कोठे निर्माण होतात

परिचारिकेकडून होणारा अडथळा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे शिवीगाळ येते. परंतु बरेचसे अडथळे मुकाट्याने, नियम म्हणून, आणि कित्येकदा चांगल्या हेतूने निर्माण होतात. स्त्री दाखल झाली की तिला टेबलावर उताणी निजवून ठेवावयाचे ही त्यातली पहिली गोष्ट. उताण्या अवस्थेत भरल्या गर्भाशयाचा भार पाठीलगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. त्यामुळे आईचा रक्तदाब उतरू शकतो आणि बाळाला मिळणारे रक्त कमी होते. उठून फेऱ्या मारणे, कुशीवर वळणे, खाटेच्या कठड्याला धरून उभे राहणे हे तिला हवेसे वाटते आणि उपयोगाचेही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत जोखीम नसलेल्या स्त्रीला हिंडू-फिरू द्यावे, पाणी व हलके अन्न घेऊ द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही कित्येक ठिकाणी ‘पोटात काही जाऊ द्यायचे नाही’ हा जुना दंडक चालतो आणि दहा तास उपाशी राहिलेल्या मुलीकडून अखेरच्या अर्ध्या तासात जोराची अपेक्षा केली जाते. लघवीचेही तसेच. मूत्राशय भरलेले असले तर बाळाचे डोके खाली सरकण्यास अडचण होते. दर दोन तासांनी ‘लघवीला जाऊन या’ एवढे सांगणारी परिचारिका मोठे काम करीत असते. पण शौचालय व्हरांड्याच्या टोकाला, दिवा गेलेला, दाराला कडी नाही अशी स्थिती असेल, तर ती स्त्री जाणार कशी?

घाई हा दुसरा अडथळा. पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधीच ‘जोर लाव, जोर लाव’ असा घोष सुरू होतो. अशा अवेळी लावलेल्या जोराने पिशवीच्या तोंडाला सूज येते आणि खरी वेळ येते तेव्हा स्त्री थकून गेलेली असते. जोर अपुरा पडतो म्हणून मग कोणीतरी पोटावर हाताने दाब देते. हा दाब धोक्याचा आहे. त्याने आतील इजा, क्वचित गर्भाशय फाटणे, असे प्रसंग ओढवतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केलेली नाही. कळा वाढविण्याचे सलाइन किंवा इंजेक्शन हेही घाईचेच अपत्य. योग्य कारणासाठी, मोजून आणि लक्ष ठेवून दिले तर ते उपयुक्त औषध आहे. ‘लवकर मोकळी होईल’ म्हणून दिले तर बाळाचा जीव गुदमरू शकतो. दर तासाला पिशवीचे तोंड एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा एके काळचा ठोकताळा २०१८ च्या शिफारशींनी बाजूला ठेवला. कळांचा वेगवान टप्पा पाच सेंटिमीटरनंतर धरावा आणि आई व बाळ ठीक असतील तर केवळ वेग कमी आहे म्हणून हस्तक्षेप करू नये, असे त्या सांगतात. ही बातमी अजून सर्व रात्रपाळ्यांपर्यंत पोहोचली आहे असे म्हणता येत नाही.

आणि मग बोलणे. ‘ओरडू नकोस, तू एकटीच बाळंत होत नाहीस’ हे त्यातले सौम्य वाक्य. नवऱ्याचा उल्लेख करून मारलेले टोमणे याहून जिव्हारी लागणारे असतात आणि ते येथे उच्चारण्याजोगे नाहीत. मांडीवर चापट, भूल न देता घातलेले टाके, न विचारता चार जणांनी केलेली तपासणी, मुलगा झाला म्हणून मागितलेली बक्षिसी आणि मुलगी झाली म्हणून फिरवलेले तोंड. शासकीय रुग्णालयात बाळंतपण विनामूल्य असल्याने ही बक्षिसी सरळसरळ बेकायदेशीर आहे, तरी ती पुष्कळ जणींनी मुकाट्याने दिलेली असते.

धाकाचे मूळ

हे सर्व परिचारिका का करतात? त्या मुळात कठोर असतात, हे उत्तर सोपे असले तरी खरे नाही. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत सुमारे दोन हजार प्रसूतींचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्त्रियांना शारीरिक वा शाब्दिक गैरवागणूक किंवा भेदभाव सोसावा लागला. अल्पवयीन आणि अशिक्षित मुलींच्या वाट्याला तो अधिक आला. पण खरा प्रकाश टाकणारी गोष्ट आणखी एक आहे. मारहाण आणि शिवीगाळ यांचे प्रमाण जन्मापूर्वीच्या अर्ध्या तासापासून जन्मानंतरच्या पाव तासापर्यंत सर्वांत जास्त होते. म्हणजे ज्या क्षणी बाळाच्या जिवाची धास्ती शिगेला पोहोचते, त्याच क्षणी हात उचलला जातो. बाळ अडकले, दगावले, तर जाब परिचारिकेला द्यावा लागतो. स्त्री सहकार्य करीत नाही असे तिला वाटते आणि सहकार्य मिळविण्याचा दुसरा मार्ग तिला कोणी शिकवलेला नसतो. तिची ज्येष्ठ सिस्टरही असेच ओरडत होती. ‘रागावले नसते तर बाळ हाती लागले नसते’ असे ती प्रामाणिकपणे मानते.

दक्षिण आफ्रिकेतील प्रसूतिगृहांविषयी रेचेल ज्यूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली लिहिलेल्या निबंधात आणखी एक कारण सांगितले आहे. परिचारिका स्वतः सामान्य घरातून शिकून वर आलेली असते. गरीब, अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईपासून आपण निराळ्या आहोत हे अंतर राखण्याची तिची धडपड चालू असते आणि धाक हे त्या अंतराचे साधन बनते. हे निरीक्षण दूरदेशीचे असले तरी परके वाटत नाही. आपल्याकडे जातीचे आणि भाषेचे अंतर त्यात मिसळते. मेळघाटातील कोरकू स्त्रीला किंवा गडचिरोलीतील माडिया स्त्रीला मराठीतून दिलेली आज्ञा कळली नाही, तर ती ‘ऐकत नाही’ असा शेरा बसतो.

याशिवाय साधा हिशेब आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार नियमित कळा सुरू झालेल्या प्रत्येक स्त्रीमागे एक प्रसाविका असावयास हवी. आपल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच अधिपरिचारिका असते. तिच्याकडे प्रसूतिकक्ष, शेजारचा वॉर्ड आणि दारात येणारा अपघाताचा किंवा सर्पदंशाचा रुग्ण हे सारे असते. नोंदवह्या भरायच्या त्या निराळ्याच. एका वेळी तिघी कळा देत असल्या तर ती कोणाचा हात धरणार? केवळ प्रशिक्षण देऊन हा प्रश्न सुटत नाही याचा दाखला अमेरिका व कॅनडामधील तेरा रुग्णालयांच्या २००२ सालच्या प्रयोगात मिळतो. तेथे जवळजवळ सात हजार स्त्रियांपैकी निम्म्या जणींना सोबतीचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका दिल्या होत्या. शस्त्रक्रियांचे प्रमाण एका गटात १२.५ टक्के, दुसऱ्यात १२.६ टक्के. फरक पडला नाही. स्त्रियांना ती सोबत आवडली. पण यंत्रे, सलाइने आणि नियम यांनी बांधलेल्या रुग्णालयात एकट्या परिचारिकेच्या मायाळूपणाला प्रसूतीचा मार्ग बदलता आला नाही. तेव्हा धाकाबद्दल परिचारिकेला जाब विचारणे आवश्यक आहे. थप्पड कोणत्याही कारणाने क्षम्य ठरत नाही. पण त्याचबरोबर तिच्या पाळीचे वेळापत्रक ज्यांनी आखले त्यांनाही तोच जाब विचारावयास हवा.

धीर देण्याचे कसब

धीर देणे म्हणजे गोड बोलणे नव्हे. ते एक कसब आहे आणि अनुभवी परिचारिकांजवळ ते असते; फक्त त्याला कोणी कसब म्हणत नाही. अशी परिचारिका आत आल्याबरोबर कार्ड वाचते आणि नावामागे ‘ताई’ लावून हाक मारते. हात लावण्यापूर्वी सांगते, तपासून झाल्यावर काय आढळले तेही सांगते. ‘पाच सेंटिमीटर झाले आहे, अर्ध्याहून कमी वाट उरली, बाळाचे ठोके छान आहेत’ या तीन वाक्यांनी त्या मुलीला अंधारात दिशा मिळते. ‘अजून खूप वेळ आहे’ हे खरे असले तरी कुचकामी वाक्य होय. कळ चढू लागली की ती कानाजवळ हळू आवाजात म्हणते, ‘आता कळ येते आहे, तोंडाने सावकाश श्वास सोडा... चढली... आता उतरते आहे... गेली. खांदे सैल सोडा, दोन घोट पाणी घ्या.’ कंबरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाब देते. शेवटच्या टप्प्यात अनेक जणी ‘आता मला जमत नाही’ म्हणतात. तो हट्ट नसून वेळ जवळ आल्याची खूण असते, हे ती ओळखते. त्या वेळी ती आवाज चढवीत नाही, उलट उतरवते. सूचना एकच देते आणि खोलीत दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही. चार जणींनी एकदम ‘जोर लाव’ म्हटल्यावर कोणाचे ऐकायचे हे कोणालाही कळणार नाही.

अशी परिचारिका हळवी असते असेही नाही. दर अर्ध्या तासाला आणि जोराच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकण्यात ती कसूर करीत नाही. ठोके मिनिटाला ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहिले तर डॉक्टरांची झोप मोडण्यास ती कचरत नाही. बाळ जन्मताच रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनच्या १० युनिटांचे इंजेक्शन देते, बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेवर ठेवते. जी बाई धाकाने गोठलेली नसते ती आपले दुखणे नेमके सांगते. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कळ नेहमीसारखी नाही, अंगावरून फार जाते, ही धोक्याची चिन्हे सर्वांत आधी तिलाच कळत असतात.

आईला बाहेर का बसवावे

एका परिचारिकेला तिघींजवळ बसता येत नाही. पण तिघींच्या आया बाहेर बाकड्यावर बसलेल्या असतात. केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये शासकीय संस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत घेण्यास मुभा दिली. ती स्त्री नातेवाईक असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. जिथे आडोशाची व्यवस्था आहे तिथे नवऱ्यालाही येऊ द्यावे. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये, असे नियमही घालून दिले. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेची तपासणी करताना खाजगीपणा आणि सोबतीण या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. कॉक्रेनच्या आढाव्यातही शस्त्रक्रियांतील घट अधिक स्पष्टपणे दिसली ती रुग्णालयाच्या नोकरीत नसलेल्या, पण या कामासाठी शिकवलेल्या स्त्रियांच्या सोबतीत.

परिचारिकांचा आक्षेप असा की नातेवाईक आत आल्या की गोंधळ वाढतो. तो अगदीच खोटा नाही. घाबरलेली आई मुलीआधी रडू लागते. एखादी सासू ‘आम्ही शेतात बाळंत झालो’ म्हणून सुनेलाच दटावते. त्यावर उपाय सोबतीण बंद करणे हा नव्हे. तिला नवव्या महिन्याच्या तपासणीलाच बोलावून पाव तास समजावून सांगणे हा आहे. कोणाला आत न्यायचे हे बाळंतिणीने ठरवावयाचे, सासरने नव्हे. आदिवासी भागात जिथे माहेरघर योजनेखाली गर्भवती काही दिवस आधीच आरोग्य केंद्रात राहण्यास येते, तिथे तर यासाठी भरपूर अवधी असतो. आणि तिथेच दुभाषी म्हणूनही सोबतीणीची गरज सर्वांत मोठी असते. ती आत आली म्हणजे परिचारिकेचे डोळे दुप्पट होतात. शिवाय कोणी पाहत असता हात सहसा उचलला जात नाही, हेही नमूद करावयास हवे.

कायमचा उपाय म्हणून २०१८ साली केंद्र शासनाने स्वतंत्र प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे शिक्षण देऊन सामान्य प्रसूती पूर्णतः त्यांच्याकडे सोपवावयाची ही कल्पना आहे. ती गावोगाव पोहोचण्यास वेळ लागेल.

तोवर जे हाती आहे ते रुग्ण कल्याण समितीच्या. या समितीत येथील अनेक पंचायत सदस्य आणि अधिकारी बसतात. समितीच्या पैशातून आजवर रंगरंगोटी, नामफलक, खुर्च्या पुष्कळ झाल्या. दोन टेबलांच्या मधोमध जाड पडदा लावण्यास, टेबलाजवळ सोबतीणीसाठी एक स्टूल ठेवण्यास आणि शौचालयाला दिवा व आतून कडी बसविण्यास फारशी रक्कम लागत नाही. पाहणीस जावयाचे ते मात्र रात्री जावे, आणि जाताना परिचारिकेवर खेकसू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अखेरीस प्रसूतीच्या नोंदीसाठी नवे पत्रक काढले. त्यात ठोके आणि रक्तदाब यांच्याही आधी चार गोष्टी विचारल्या आहेत: सोबतीण आहे काय, वेदना कमी करण्यासाठी काही केले काय, पाणी घेतले काय, आणि स्त्री कोणत्या स्थितीत आहे. सोबतीच्या रकान्यात ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘तिला नको आहे’ एवढेच भरावयाचे असते. जेथे हे पत्रक अद्याप आलेले नाही, तेथे केसपेपरवर एका रबरी शिक्क्याने हा रकाना करता येतो. महिन्याअखेर या नोंदी मोजून समितीपुढे ठेवण्यास वेगळा कर्मचारी लागत नाही. आणि ज्या कागदांवर ‘नाही’ लिहिले आहे ते कोणत्या पाळीतले आहेत, त्या पाळीला किती परिचारिका कामावर होत्या, हेही त्याच बैठकीत विचारता येते.